बाईंच्या पश्चात बाईंची सही

बाई जूनमध्ये गेल्या. गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात त्यांच्या यजमानांचा मला फोन आला. आम्ही त्यांना काका म्हणतो.

"अहो, हिने सही केल्याचा मेल आलाय," ते म्हणाले.

मला वाटलं, जुना काहीतरी मेल असेल, उशिरा उघडला असेल. बाईंचा फोन काकांनी बंद केला नव्हता. गॅसचे, विजेचे, सगळे निरोप त्याच नंबरावर येत, म्हणून तो चालूच होता. मी म्हटलं, "तारीख बघा."

"बघितली. कालची आहे. चष्मा लावून बघितली."

आमच्या कर्वेनगरात ज्येष्ठांसाठी दिवसभराचं एक केंद्र आहे. मुलं-सुना सकाळी कामावर जाताना आईवडिलांना सोडून जातात, संध्याकाळी घेऊन जातात. नाश्ता, जेवण, पेपर, पत्ते, दुपारची झोप. आम्ही पाच जण मिळून ते चालवतो. ट्रस्टपेक्षा सोपं पडेल असं कोणीतरी सुचवलं म्हणून आम्ही त्यासाठी ना-नफा कंपनी काढली. सोपं काही पडलं नाही. दरवर्षी ताळेबंद आणि संचालकांचा अहवाल सरकारी पोर्टलवर भरावा लागतो. मी एका कारखान्यात उत्पादनखर्चाचे हिशेब बघतो, त्यामुळे आकड्यांचं काम न विचारता माझ्याकडे आलं. अहवालावर सही करण्याचं काम पहिल्या वर्षापासून बाईंकडे होतं. त्या गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या.

बाई वाचल्याशिवाय सही करत नसत. मी केलेल्या बेरजा पुन्हा करून बघत आणि मला त्याचा राग येत नसे, कारण मीही तेच करतो. एका वर्षी त्यांनी आमच्या सीएंना विचारलं होतं, "यात लिहिलंय, कंपनीने परकीय चलनाचा व्यवहार केलेला नाही. आपण इथे उपमा करतो. हे तुम्हाला विचारलं कोणी?" सीए म्हणाले, कायद्याने लिहावं लागतं. "मग कलम दाखवा," बाई म्हणाल्या. त्यांनी पुस्तक काढून दाखवलं. बाईंनी ते वाचलं आणि मग सही केली.

ही सही पेनाची नसते, एवढं इथे सांगून ठेवतो. प्रत्येक संचालकाचं एक टोकन असतं. दिसायला पेनड्राइव्हसारखं. कागदपत्रं देऊन, कॅमेऱ्यासमोर आपलं नाव सांगून ओळख पटवली की ते मिळतं. संगणकाला लावायचं, पिन टाकायचा, की डिजिटल सही होते. कायद्याने ती हाताच्या सहीइतकीच पक्की. उलट थोडी जास्तच, कारण ज्याच्या नावाची सही त्यानेच ती केली, असं कायदा धरून चालतो. तसं नाही म्हणायचं असेल तर सिद्ध करणं नाही म्हणणाऱ्याकडे.

कायदा हे धरून चालतो तेव्हा त्याला सीएंच्या ऑफिसातला डबा माहीत नसावा. मी जेवढ्या सीएंच्या ऑफिसात गेलोय, तेवढ्या ठिकाणी असा एक डबा पाहिलाय. आमच्या सीएंकडे तो दिवाळीच्या फराळाचा होता, झाकणावर मिठाईवाल्याचं नाव असलेला. त्यात अशिलांची टोकनं, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. पिन बहुतेकांचा एकच, म्हणजे लक्षात ठेवायचा त्रास नाही. "घरी नेऊन काय करणार सर? हरवतं. इथे असलं की तुमची धावपळ वाचते," हे मला दर वर्षी ऐकवलं जायचं. मी माझं टोकन घरी नेत असे. बाई दर वर्षी स्वतः ऑफिसात जात, अहवाल वाचत, ऑफिसने ठरवून दिलेला तोच पिन स्वतः टाकत, पण टोकन तिथेच ठेवून येत. "माझ्या पर्समध्ये किल्ल्या, गोळ्या, बसचा पास. त्यात हे कुठे सांभाळू?" असं म्हणत.

फोन झाल्यावर काका संध्याकाळी आमच्याकडे आले. मी पोर्टलवर जाऊन अहवाल उतरवून घेतला. शेवटच्या पानावर बाईंचं नाव, तारीख, वेळ. त्यावर क्लिक केलं तर संगणकाने हिरवी खूण दाखवली आणि सांगितलं की सही वैध आहे, सही झाल्यानंतर कागदात काही बदल झालेला नाही. अगदी निर्दोष सही.

काका म्हणाले, "वरपासून वाचा. तिने वाचलं असतं."

मी वाचायला लागलो. मजकूर जवळजवळ गेल्या वर्षीचाच होता, आकडे तेवढे नवे. आकडे माझे होते आणि बरोबर होते. परकीय चलन आलं. मग पुढचं कलम आलं आणि मी ते निम्मं वाचून थांबलो. आर्थिक वर्ष संपल्यापासून या अहवालाच्या तारखेपर्यंत कंपनीत कोणतीही महत्त्वाची घडामोड झालेली नाही.

"म्हणजे ती गेली ही काही महत्त्वाची घडामोड नाही," काका म्हणाले, "आणि हे तिनेच सही करून सांगितलंय."

बायको चहा घेऊन आली होती. ती कप ठेवायचे विसरून तशीच उभी राहिली.

काका पाटबंधारे खात्यात आरेखक होते, खडकवासल्याच्या कालव्यांच्या नकाशांवर त्यांचं आयुष्य गेलं. कागदावर एकदा उमटलेल्या रेषेला ते फार मानतात. ते मला म्हणाले, "मला भांडण नको, भरपाई नको. हे तिच्या नावावरून काढा. न वाचलेल्या कागदावर तिची सही नको."

मी म्हटलं, "काढतो." आज वाटतं, हा शब्द मी हिशेब न करता दिला.

दुसऱ्या दिवशी मी आणि काका नळ स्टॉपजवळच्या सीएंच्या ऑफिसात गेलो. माणूस वाईट नाही. केंद्राचं काम तो नाममात्र फीमध्ये करतो, दिवाळीला ज्येष्ठांसाठी फराळ पाठवतो. काकांना बघून उभा राहिला, पाणी मागवलं.

"सर, मुदत संपत आली होती," तो मला म्हणाला. "उशीर झाला असता तर दंड कंपनीला बसला असता. अहवालावर सहीचा अधिकार ठरावाने बाई आणि तुम्ही दोघांनाच, आणि तुमचं टोकन घरी. तुम्हाला फोन केला, तुम्ही मीटिंगमध्ये होतात. बाईंचं टोकन इथे होतं."

"टोकन होतं," काका म्हणाले. "बाई नव्हत्या."

"काका, भावना समजतात मला. पण तांत्रिकदृष्ट्या पोर्टलवर त्या अजून संचालक आहेत."

"का आहेत?" मी विचारलं. "मृत्यूचा दाखला मी तुम्हाला जुलैमध्येच दिला होता."

तो दोनदा भरला आणि दोनदा परत आला, असं त्याने सांगितलं. कारण? दाखल्यावरच्या सहीच्या जागी प्रश्नचिन्ह दिसतं. त्याने छापील प्रत काढून दाखवली. दाखलाही डिजिटल सहीचाच होता, अधिकाऱ्याची सही, खाली बारीक अक्षरात तारीख-वेळ, आणि त्या सगळ्यावर एक भलंमोठं पिवळं प्रश्नचिन्ह.

मी विचारलं, "ही प्रत छापून मग स्कॅन करून टाकलीत का?"

"हो. नेहमीसारखीच."

मग मी त्याला त्याच्याच ऑफिसात बसून समजावत राहिलो. डिजिटल सही फाइलमध्ये असते. छापलं की कागदावर उरतं ते नुसतं तिचं चित्र. फाइल जशीच्या तशी दिली तर तपासणारा ती तपासू शकतो. प्रश्नचिन्हाचा अर्थ सही खोटी आहे असा नाही. आपल्या संगणकाला ती देणाऱ्या संस्थेची ओळख नाही, एवढाच. तो मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "बरोबर आहे सर, पण त्यांना कागद लागतो. मी आता त्या प्रिंटवर 'खरी प्रत' असा शिक्का मारून पेनने सही करतो आणि टाकतो. मग घेतात."

आणि घेतली. शाईच्या शिक्क्यासह ती प्रत आठवड्याभरात मंजूर झाली. बाई जूनपासून संचालक नाहीत, अशी नोंद पोर्टलवर लागली. सप्टेंबरमध्ये त्यांनी सही केलेला अहवाल त्या नोंदीशेजारीच होता. दोन्ही नोंदी मंजूर. मी ही दोन पानं घरी शेजारी शेजारी उघडून ठेवली. कारखान्यात अशा दोन नोंदी सापडल्या असत्या तर मी तासाभरात कोणाला तरी उभं केलं असतं. इथे कोणाला उभं करायचं?

बायको म्हणाली, "सरकारी दाखल्यावर प्रश्नचिन्ह आणि या अहवालावर हिरवी खूण? अहो, मग ते प्रश्नचिन्ह काढून तुमच्या सीएंच्या कपाळावर लावा."

मग थोड्या वेळाने भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमचं टोकन आपल्या कपाटात कुलपात, म्हणून बाईंचं वापरलं. असंच ना?"

असंच होतं. नियम पाळणारा माणूस गैरसोयीचा, म्हणून ज्याचा हात जवळ होता त्याचा धरला. तो हात आता कोणाचाच नव्हता, हे सीएंच्या लक्षात आलं नाही असं नाही. त्याने काही अडलं नाही, एवढंच.

मी पोर्टलच्या मदतकेंद्राला फोन लावला. बऱ्याच वेळाने एका गृहस्थांनी उचलला. सगळं ऐकून घेतलं. आवाज सभ्य होता.

"आपण स्वतः सही केली आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही. ज्यांची सही आहे त्या सहीच्या आधीच वारल्या आहेत."

"मग आपली हरकत कशाला आहे?"

"त्याच सहीला."

"सहीबद्दल तक्रार असेल तर सही करणाऱ्यांनी लॉगइन करून नोंदवायची असते. सोबत त्यांची डिजिटल सही लागेल."

"अहो, त्या हयात नाहीत."

"हो, ते नोंदवून घेतलं मी. पण सिस्टिममध्ये सही वैध दाखवतेय. वैध सहीची तक्रार दुसऱ्या कोणाला करता येत नाही."

"म्हणजे त्यांनी वर जाऊन टोकन लावायचं?"

मग ते म्हणाले, "आणखी काही मदत हवी आहे का?"

हेच फिरून फिरून ऐकायला मिळालं. एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की मंजूर झालेला अहवाल काढून टाकता येत नाही. दुरुस्त अहवाल भरायला परवानगी मिळू शकते, पण त्यासाठी सगळ्या संचालकांनी मिळून कंपन्यांच्या सरकारी कार्यालयाकडे अर्ज करायला हवा. खालचा कागद तसाच राहतो, त्यावर दुसरा लागतो. मी हे काकांना सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही, पण समजलं. "मग वरच्या कागदावर तरी नीट लिहा," म्हणाले.

आमच्या उरलेल्या चौघांची बैठक केंद्रातच झाली, दुपारी, ज्येष्ठ मंडळी झोपलेली असताना, म्हणून सगळे हळू आवाजात बोलत होते. आमच्यात एक डॉक्टर आहेत. केंद्रात येणाऱ्यांना ते फुकट तपासतात, त्यामुळे त्यांचं वजन जास्त.

"अहो खजिनदार," ते मला म्हणाले, "यात खोटं काय आहे? आकडे बरोबर आहेत ना?"

"आकडे बरोबर आहेत."

"मग? बाई असत्या तर त्यांनी सहीच केली असती."

"वाचून केली असती. आणि ते घडामोडीचं कलम वाचल्यावर केली नसती."

"ते कलम त्या असत्या तर खरंच झालं असतं की!" डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "हे बघा, आपण होऊन सांगायचं की आमच्या कागदावर मृत माणसाची सही आहे? उद्या चौकशी लागली तर केंद्र कोण चालवणार? आत ही माणसं झोपली आहेत त्यांना सांगायचं का, की उद्यापासून येऊ नका?"

हा मुद्दा खोटा नव्हता. मी रात्रभर त्यावरच विचार केला होता. पण मी म्हटलं, "चौकशी लागली आणि आपण गप्प होतो असं निघालं, तर ते जास्त वाईट. आणि अर्ज गेल्याशिवाय मी यापुढे कशावरही सही करणार नाही."

"नका करू," डॉक्टर म्हणाले. "आमची तिघांची टोकनं डब्यात आहेत."

कोणीतरी फसकन हसलं. मीही हसलो असतो, पण जमलं नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, बाईंचंही डब्यातच होतं. तुमचं तुम्ही गेल्यावर कशाकशावर चालवायचं, ते आत्ताच लिहून ठेवा."

त्यानंतर अर्ज करायचं ठरलं. मनापासून नव्हे, वाद नको म्हणून.

अर्जाचा मसुदा मी केला, दोन पानी. बाई अमुक दिवशी वारल्या, त्यानंतर त्यांच्या टोकनाने त्यांच्या नावे सही झाली, ती तांत्रिकदृष्ट्या वैध दिसत असली तरी त्यांनी केलेली नाही, त्या वेळी टोकन कोणाच्या ताब्यात होतं, आणि दुरुस्त अहवाल भरण्याची परवानगी मिळावी. सीएंना वाचायला पाठवला. ताब्याचं वाक्य वगळता येईल का, असा त्यांचा निरोप आला. येणार नाही, असं मी कळवलं. मात्र त्यांनी बाईंचं टोकन काकांना परत दिलं, आणि बाकीच्या तिघांचीही आपापल्या घरी पोचवली. हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं.

रविवारी सकाळी सगळे आमच्याकडे सही करायला आले. काकांनाही मी बोलावलं होतं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. मी ठरवलं होतं की प्रत्येकाने अर्ज वाचायचा, स्वतः टोकन लावायचं, स्वतः पिन टाकायचा. पहिल्या दोघांनी तसं केलं. म्हणजे पान सरकवलं, वाचल्यासारखं. मग डॉक्टर आले. खिशातून टोकन काढून त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

"चष्मा गाडीत राहिला. तुम्हीच लावा. पिन एक-दोन-तीन-चार."

मी टोकन टेबलावर ठेवलं. "आधी वाचा."

"तुम्ही वाचलंय ना? तुम्हीच लिहिलंय. मग झालं."

"डॉक्टर, आपण नेमका कशाबद्दल अर्ज करतोय?"

"अहो, ती गोष्ट वेगळी! मी तुमच्यासमोर जिवंत बसलोय की!"

इतक्या दिवसांचा सगळा राग बाहेर येणार होता. मी काहीतरी बोललो असतो आणि ते उठून गेले असते, म्हणजे अर्जही गेला असता. बायको स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात काकांनी खुर्ची पुढे ओढली, स्वतःचा चष्मा लावला आणि कोणालाही न विचारता अर्ज मोठ्याने वाचायला सुरुवात केली. इंग्रजीत होता. ते एक एक वाक्य वाचत आणि थांबत, डॉक्टरांनी मान हलवली की पुढे जात. स्वतःच्या बायकोच्या मृत्यूची तारीख त्यांनी त्याच आवाजात वाचली. त्या वाक्यानंतर डॉक्टरांनी मान हलवली नाही. काकांनी वाट बघितली आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं.

"कळलं," डॉक्टर म्हणाले. "पुढे वाचा."

वाचून झाल्यावर त्यांनी टोकन स्वतः लावलं आणि की-बोर्डवर वाकून, आकडे शोधत शोधत, पिन टाकला. शेवटी मी माझी सही केली. चारही सह्यांवर हिरवी खूण आली.

अर्जाला उत्तर यायला हिवाळा उजाडला. मी कारखान्यातून घरी येताना सिग्नलला ते उघडलं, पण गाडी बाजूला घेऊन मगच वाचलं. आपण उल्लेख केलेल्या अहवालावरील डिजिटल सही तपासण्यात आली असून ती वैध आढळली आहे. सबब दुरुस्तीचं प्रयोजन दिसत नाही. खाली अधिकाऱ्याची डिजिटल सही, आणि माझ्या फोनवर तिच्यावर प्रश्नचिन्ह.

तिथून थेट काकांकडे गेलो. त्यांनी उत्तर माझ्याकडून मराठीत सांगून घेतलं, मग स्वतः इंग्रजीत वाचलं.

"वैध आहे हे आपणच त्यांना लिहिलं होतं," ते म्हणाले. "ती तिने केली नाही, एवढं विचारलं होतं."

"हो."

"त्याचं उत्तर यात नाही."

"नाही."

त्यांनी फोन मला परत दिला. "मग पुन्हा लिहा. या वेळी ते पहिल्याच ओळीत घ्या. वैध बिध काही नको त्यात."

मी नवा मसुदा केलाय. वकील म्हणतात, आता वरच्या न्यायाधिकरणाकडे जावं लागेल, वेळ लागेल आणि खात्री नाही. डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, "पुन्हा?" आणि मग, "बरं. या वेळी चष्मा आणतो." पहिल्या ओळीत मी एवढंच लिहिलंय, की ही सही झाली तेव्हा सही करणारी व्यक्ती हयात नव्हती. काका उद्या सकाळी येऊन ती वाचणार आहेत. त्यांनी काही बदल सुचवला तर करीन.